त्या वर्षीच्या दोन दारफाळण्या

आमच्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्यावर दोन कॅलेंडरं टांगलेली असतात, आणि माझा दोन्हींवर विश्वास नाही. एक पेठेतल्या किराणा दुकानातून फुकट मिळणारं, तिथी-नक्षत्रांचं. दुसरं मुंबईहून टपालानं येणारं, आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, लोकांचं, ज्यात महिन्यांची नावं तिश्री, हेश्वान, किसलेव अशी असतात. नवी चंद्रकोर दिसली की मी दोन्ही पानं शेजारी धरून ताडून पाहतो. माझी बायको लेआ म्हणते, "चंद्र तरी बरोबर उगवतो का, तेही एकदा तपासून घ्या." तिला गंमत वाटते. मी ते तपासलेलं आहे.

यंदा पुन्हा भाद्रपद अधिक आला आहे. शेजारच्या घरी जावई यायचा आहे, म्हणून दोन दिवस अनारशांचा आणि कढत्या तुपाचा वास आमच्या खिडकीतून आत येतो. पाऊस थांबला असं वाटेपर्यंत पुन्हा रिपरिप सुरू होते. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ढग बसला आहे, तो उठायचं नाव घेत नाही. चौऱ्याहत्तर सालीही भाद्रपदच अधिक होता. तो वास, तो ढग आणि पहाटेचा तो ओलसर गारठा आला की मला वडील आठवतात, थोरले काका आठवतात, आणि एकाच वर्षात आमच्या घराचं दार दोनदा बंद झालं ते आठवतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी हिशेब सांगतो. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी तोकडं. ते तसंच सोडलं तर सण ऋतूंमधून घसरत जातात. म्हणून पंचांग अधूनमधून एक महिना जादा घालतं, आणि आमचं कॅलेंडरही घालतं. पण घालायची जागा निराळी. पंचांगाचा अधिक महिना बहुधा चैत्रापासून आश्विनापर्यंत कुठंही पडतो. आमचा मात्र थंडी सरताना, अदार महिन्याला जोडूनच, तोही ठरलेल्या वर्षी. त्यामुळे बहुतेक वर्षी घट बसतात तेव्हा आमचं नवं वर्ष लागतं आणि दसऱ्याच्या आसपास आमचा मोठा उपास येतो. मग एखाद्या वर्षी दोन्ही गाड्यांची चुकामूक होते आणि मध्ये पुरा एक महिना पडतो.

वडील बांधकाम खात्यात मोजणीचं काम करून निवृत्त झाले होते. ते म्हणत, महिना म्हणजे नुसती दिवसांची चळत नव्हे, त्या महिन्यात माणसानं करायचं एक काम असतं. निसानात मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याचं आठवायचं. आव महिन्यात जेरुसलेमचं मंदिर पडलं म्हणून रडायचं. तो उपास आम्ही भात आणि वालाच्या बिरड्यानं सोडतो, म्हणून त्याचं नाव बिरड्याचा सण. शोकाच्या दिवसाला बिरड्याचं नाव देणारे लोक दुसरे कुणी असतील असं मला वाटत नाही. शेवातमध्ये झाडांचं नवं वर्ष, तेव्हा एलियाहू नबीच्या नावानं पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा. अदारमध्ये हसायचं. हेश्वानात सण नाही, उपास नाही, काही नाही. लहानपणापासून मला तोच महिना सर्वांत प्रामाणिक वाटत आला आहे. तो काही मागत नाही आणि काही दिल्याचा आवही आणत नाही.

आणि एलूल. एलूल हा स्वतःवर संशय घ्यायचा महिना. पहाटे उठायचं, दिवा लावून क्षमेच्या प्रार्थना म्हणायच्या आणि वर्षभरात आपण कुणाशी कसे वागलो ते उलगडून पाहायचं. मग तिश्रीच्या पहिल्याला नवं वर्ष, आणि दहाव्याला दारफाळणीचा सण. त्या दिवशी गरम आणि मग थंड पाण्यानं अंघोळ करून, पांढरे कपडे घालून, दार लावून आत बसायचं. अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी शब्द नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तारे दिसले की दार उघडायचं. देवाविरुद्ध केलेले अपराध त्या दिवशी देव माफ करतो. माणसाविरुद्ध केलेले मात्र त्या माणसाकडून आधी माफ करून घ्यावे लागतात; त्यात देव हात घालत नाही. हा नियम मला चोख वाटतो आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

त्या वर्षी आमचा एलूल आणि अधिक भाद्रपद एकमेकांवर तंतोतंत बसले होते. सदर बझारात आमच्या शेजारी फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार राहत. त्यांच्या घरी त्या महिन्यात पोथी लागली होती, आमच्याकडे प्रार्थना. तरी सुभेदारांचा आमच्या पहाटेच्या दिव्यावर डोळा होता. एकदा कुंपणावरून त्यांनी वडिलांना विचारलंच.

"आवं सायेब, पहाटं पहाटं दिवा लावून काय वाचतासा?"

"चुका आठवतो."

"रोज? लय हायत म्हणायच्या."

"आहेत थोड्या."

"आमी पलटणीत हुतो तवा चुका दुसराच मोजायचा," सुभेदार म्हणाले, आणि मिशीतल्या मिशीत हसून घराकडे वळले. पण दुसऱ्या दिवशीही त्यांच्या खिडकीचं एक दार किलकिलं होतं. मला ते दिसलं, कारण मीही पाहत होतो.

मी पाहत होतो ते सुभेदारांना नव्हे, वडिलांना. प्रार्थना म्हणताना त्यांचा आवाज एका जागी अडायचा. रोज त्याच जागी. मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासायला जात असे. कुठल्या पानावर माणूस घाईनं पान उलटतो ते मला कळायचं. वडिलांच्या मनात काहीतरी होतं आणि ते सांगलीशी संबंधित होतं, एवढा संशय मला आला होता.

सांगलीला थोरले काका राहत. त्यांची शेंगदाण्याच्या तेलाची गिरणी होती. ती शनिवारी बंद, म्हणून पेठेत त्यांना सगळे शनवार तेली म्हणत, आणि काकांना ते आवडायचं. काकी फार पूर्वी गेल्या. मुलगा एकच, शिमशोन. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, हसरा. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला जातो असं सांगून, काका बाजारात गेलेले असताना घरून निघाला आणि थेट इस्राएलला गेला. तिकडे पोचल्यावर त्यानं कळवलं. त्याच वर्षी आमच्या दारफाळणीच्या दिवशीच तिकडे लढाई पेटली. शिमशोन सुखरूप असल्याचं कळेपर्यंत काकांच्या दाढीतले उरलेसुरले काळे केसही गेले.

मुलगा न सांगता गेला, याचं काकांना जेवढं लागलं त्याहून जास्त एक संशय त्यांना लागला. आपल्या भावाला हे आधीच ठाऊक असावं, हा. त्यांनी एकदाच विचारलं होतं, वडिलांनी "छे, दादा" म्हटलं होतं, आणि तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. शिमशोन होता तोवर मुंबईचं कॅलेंडर तो मागवायचा. तो गेल्यावर काकांनी ते घरात येऊ दिलं नाही. गिरणीत टांगलेल्या पंचांगावर ते सण धरू लागले. आपले वाडवडील कोकणात होते तेव्हा त्यांना कुठला छापील कागद होता, असं ते म्हणत. घट बसले की नवं वर्ष, दसऱ्याला दारफाळणी. त्र्याहत्तर साली ते बरोबर जुळलंही. मग चौऱ्याहत्तरचा अधिक महिना आला.

एलूल संपत आला तसे वडील एक दिवस मला म्हणाले, "सांगलीला जायचंय. तू चल."

एस.टी.नं निघालो. कराडनंतर दोन्ही बाजूंना ऊस, डोक्यापेक्षा उंच, पावसानं धुतलेला. वडील खिडकीतून पाहत होते आणि ओठ हलवत होते. ते काय पाठ करताहेत हे मला ऐकू येत नव्हतं. सांगलीत उतरलो तर हवेत ओल्या मातीचा आणि हळदीचा वास. गिरणीत शिरल्यावर त्याच्यावर पेंडीचा गरम, तेलकट वास चढला. काका गल्ल्याशी बसले होते. आम्हाला पाहून उठले नाहीत.

"कशाला आलास?"

"दादा, महिना संपत आला," वडील उभ्यानंच म्हणाले. "जाणता-अजाणता माझ्याकडून काही चुकलं असेल तर..."

"कुठला महिना?"

"एलूल."

काकांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे हनुवटी केली. "हा धोंड्याचा महिना आहे. अधिक. हा धरायचा नसतो. खरा भाद्रपद अजून लागायचाय. दसरा कुठं, दारफाळणी कुठं! आपला महिना यायचाय अजून."

"दादा, तुला ठाऊक आहे की ते तसं नाही."

"मला काय ठाऊक आहे नि काय नाही, ते तू मला सांगू नकोस." मग माझ्याकडे वळून, "तुझा बाप मोजणीवाला ना? बांध असेल तर असेल, असं लिहायचा का रे नकाशावर? म्हणे चुकलं असेल तर!"

तेवढ्यात किटली घेऊन उभी असलेली एक बाई पुढं झाली. "आवं शेट, पावणं कुटं पळून चाललं न्हाईत. माझं तेवढं वतून द्या, मंग बसा भांडत."

काका हसले नाहीत, पण उठले आणि तिला तेल ओतून दिलं. वडिलांना पाणी विचारलं, चहा मागवला, माझ्या पगाराची चौकशी केली. त्या विषयावर पुन्हा शब्द काढला नाही. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "दसऱ्याच्या आधी बघू."

परतीच्या गाडीत मी मनाशी पडताळा घेत बसलो. काका हे खरोखर पंचांगावर विश्वास ठेवून बोलले, की क्षमा करायचा दिवस त्यांना एक महिना पुढं ढकलायचा होता? माणूस देवाची तारीखही आपल्या सोयीनं फिरवतो का? आणि वडील? त्यांनी 'असेल तर' का म्हटलं? नसेलच, तर सातारा-सांगली हेलपाटा कशासाठी? मला दोघांचाही संशय येत होता आणि दोघांचीही कीव येत होती. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात हे मला त्या गाडीत प्रथम कळलं.

आमची दारफाळणी ऐन गणपतीत आली. आम्ही चौघं, वडील, आई, लेआ आणि मी, पांढऱ्या कपड्यांत दार लावून आत बसलो होतो आणि बाहेर आरत्या, झांजा, पोरांचा गलका चालू होता. वडील प्रार्थना म्हणत होते, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. कबुलीचा भाग आला. आम्ही अपराध केला, आम्ही फसवलं, आम्ही खोटं बोललो, असं एकेका वाक्याला छातीवर मूठ मारत म्हणायचं असतं. सगळं 'आम्ही'. या 'आम्ही'चा मला नेहमी संशय येतो. गर्दीत उभं राहिलं की एकट्याचा चेहरा दिसत नाही. तारे दिसले, दार उघडलं, आईनं सरबत दिलं. वडिलांनी पेला हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "माझं दार काही लागलं नाही नीट." आईनं खाली पाहिलं. याचीही मी नोंद घेतली.

पुढच्या आठवड्यात कामासाठी सांगलीला गेलो होतो. काकांच्या गिरणीत डोकावलो तर ते बँकेत गेलेले. घाण्यावरचा जुना माणूस बसायला पाट सरकवत म्हणाला, "मागल्या बेस्तरवारी आला असता तर परत जावं लागलं असतं. शेट दार लावून बसलं हुतं."

"गुरुवारी? शनिवारी नाही?"

"न्हाई, बेस्तरवारीच. पांढरी कापडं घालून. मला म्हनलं, आज हाक मारू नगं. गिऱ्हाईक सगळं माघारी गेलं बगा."

तो गुरुवार म्हणजे आमची दारफाळणी. मुंबईच्या कॅलेंडरातली, खरी. काकांना खरा दिवस ठाऊक होता. त्यांनी तो पाळलाही होता. गिरणीतून बाहेर पडून मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. गढूळ पाणी पायऱ्यांना लागून वाहत होतं. मला राग यायला हवा होता. काका एकीकडे वडिलांना महिना आला नाही म्हणून परत पाठवतात आणि दुसरीकडे दार लावून देवाकडे आपली क्षमा मागतात. पण राग टिकला नाही. ते दार लावून एकटे बसले होते, आणि त्यांचाही उपास आमच्यासारखाच कुठंतरी उघडा राहिला असणार.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"मग दसऱ्याचं ते का म्हणतात?" मी विचारलं.

"मला एक महिना दिलाय त्यानं," वडील म्हणाले. "अधिकाचा."

खरा भाद्रपद गेला. पाऊस उघडला, माळावर गवत पिवळं व्हायला लागलं, घट बसले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी काका आले. खांद्याला कापडी पिशवी, आत पांढरा सदरा आणि प्रार्थनेचं पुस्तक. आईनं डोक्यावर पदर घेऊन त्यांना पाणी दिलं.

"उद्या माझी दारफाळणी," काका वडिलांना म्हणाले. "तुझी झाली असेल."

"झाली."

"मग तू जेव-खा. मला ती पुढची खोली दे फक्त. गिरणीवर दसऱ्याला लोक पूजेला येतात, निवांतपणा नसतो."

हे कारण खोटं होतं. गिरणीच्या मागं त्यांचं अख्खं घर रिकामं होतं. वडिलांना ते कळलं, मला कळलं, आणि आम्हाला कळलंय हे काकांना कळलं. ऊन कलायच्या आधी दोघं भाऊ एका पंगतीला जेवले. मग वडील उठले, बंब पेटवला, गरम आणि थंड पाण्यानं अंघोळ करून पांढरा सदरा घालून बाहेर आले. आयुष्यभर ज्या माणसानं मोजणीच्या साखळीची एक कडी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती, तो चुकीच्या महिन्यातल्या उपासाला बसला. काकांनी पाहिलं आणि सरकून चटईवर जागा केली.

मी, आई आणि लेआ मागच्या बाजूला राहिलो. आमचा उपास महिन्यापूर्वीच झाला होता, म्हणून आम्ही जेवलो, पण ताटं वाजू न देता. दुसऱ्या दिवशी सुभेदार आपट्याची पानं घेऊन आले आणि पुढचं दार वाजवायला लागले. मी मागून धावत जाऊन त्यांना अंगणात गाठलं.

"सोनं द्यायचं हुतं सायबास्नी. दार का बंद?"

"उपास आहे त्यांचा. बंद दाराचा."

सुभेदारांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आवं, त्यो तर गणपतीत झाला की! मी बघितलंय. आता परत? का मला टाळायचं म्हणून?"

"एकदा नीट झाला नाही."

सुभेदार दाराजवळ गेले. मग पानं माझ्या हातात न देता दाराच्या कडीत खोचली. "निघाल्यावर गावतील त्यास्नी," म्हणाले आणि गेले.

दुपार लांबत गेली. मधलं दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. त्यातून दोघांचे आवाज येत होते. एक जाड, एक बारीक, कधी बरोबर, कधी मागंपुढं. उन्हं उतरली तेव्हा कबुलीचा भाग आला. आम्ही अपराध केला. आम्ही फसवलं. छातीवरच्या मुठींचा आवाज ऐकू येत होता. मग वडिलांचा आवाज त्या नेहमीच्या जागी अडला. काकाही थांबले. वडील मराठीत बोलले.

"शिमशोन गेला त्या दिवशी मी पुण्याच्या स्टेशनावर होतो, दादा. तो तुला सांगून जाणार होता. मी त्याला आधीच म्हटलं होतं, सांगू नकोस, दादा तुला जाऊ देणार नाही. मी म्हटलं. नंतर तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो, तेही मीच."

 लेआ माझ्याकडे पाहत होती, मी आईकडे. आई तांदूळ निवडत होती आणि तिचा हात थांबला नव्हता. मला वाटलं, आता काका उठतील, पिशवी उचलतील. मी मनाशी शेवटची एस.टी. किती वाजता आहे ते आठवू लागलो.

"शर्ट कुठला होता अंगात?" काकांनी विचारलं.

"पांढरा. बाह्या दुमडलेल्या."

"निळा घरी नव्हता. मला वाटलं निळा घालून गेला असेल."

"निळा ट्रंकेत असेल."

"ट्रंकेची कडी तुटली होती. मी लावून देणार होतो."

"दोरीनं बांधली होती. मी ओढून पाहिली, पक्की होती."

"जेवला होता का?"

"हिनं दशम्या दिल्या होत्या. एक माझ्यासमोर खाल्ली. बाकीच्या गाडीत खातो म्हणाला."

आईनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. दीड वर्ष काकांच्या मनात हे प्रश्न असे ओळीनं उभे होते, आणि विचारायला माणूस नव्हता. जो तिथं होता तो 'मी नव्हतोच' म्हणत होता. 'माफ केलं' हे शब्द मी त्या दिवशी ऐकले नाहीत. नंतरही कधी ऐकले नाहीत, आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही किंतु आहे. काकांचा आवाज मात्र बदलला होता. ते खेकसत नव्हते. एखादा माणूस अंधारात जिना उतरताना पायरी चाचपतो, तसे ते एकेक प्रश्न टाकत होते.

"रडला का?"

"नाही. मी रडलो."

"तू रडतोसच लगेच. खिडकी मिळाली त्याला?"

"मिळाली."

लेआ परसात जाऊन आली आणि हलक्या आवाजात म्हणाली की तीन तारे दिसले, उपास सुटला. आईनं लिंबाच्या सरबताचे दोन पेले भरले, ताटलीत ठेवले आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नेले. तिथं ती थांबली. आत काका विचारत होते, "मग गाडी हलल्यावर? हात बाहेर काढला होता का त्यानं?"